एक्केचाळीस ए

"काढ तो," आई म्हणाली आणि लेकीने बटण दाबलं. लॅपटॉपवरच्या पटकथेतून एक्केचाळिसावा सीन गेला. आकडा मात्र जागचा हलला नाही. त्याच्यासमोर एकच शब्द उमटला : वगळला.

आईने चष्मा वर ढकलला. अक्षरं तिला जुळवून वाचावी लागत. आकडे तिच्या नजरेतून सुटत नसत. बेचाळीस एक पायरी वर का चढला नाही, असं तिने विचारलं.

लेकीने समजावलं. शूटिंगची आखणी झाली की सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांना कुलूप लागतं. कपडेवाले, दिवेवाले, गाड्यावाले सगळे त्या आकड्यांवर चालतात. एक सरकला तर दवाखान्यातली खाट स्वयंपाकघरात जाऊन पडायची. म्हणून सीन मेला तरी आकडा जिवंत राहतो.

"म्हणजे सगळे विचारणार, इथं काय होतं."

"विचारतील."

"मूठ झाकायला सांगितली, तर तू वर पाटी लावलीस."

त्या सीनमध्ये एक बाई कडेवर पोर घेऊन भावाच्या दारात उभी होती. भावजय साखळी न काढता फटीतून बोलत होती आणि बाई रडत होती. सिनेमा आईच्याच आयुष्यावर होता आणि लेकीला हे मावशीने सांगितलं होतं. आईचं म्हणणं, आपण जन्मात कुणाच्या दारात रडलो नाही. रडकी बाई हवी तर दुसऱ्या कुणाची आई शोध. कालपासून तिने हा एकच धोशा लावला होता.

"त्या जागी दुसरं काही घालू का?" लेकीने विचारलं. "बाकीचे आकडे न हलवता मधे नवा सीन बसवता येतो. एक्केचाळीस ए म्हणायचं त्याला."

आई स्वच्छ टेबलावरून तळहात फिरवत राहिली. नसलेले कण गोळा करून तिने कडेला सारले.

"एक्केचाळीस परत आण. रडते तर रडू दे तिला."

"आणि ए?"

"ए मध्ये भावजय साखळी काढते. आधी पोर घेते तिच्याकडून. झोपलेलं पोर जड होतं."

लेकीची बोटं थांबली. मावशीच्या सांगण्यात ते दार उघडलंच नव्हतं.

"आई, असं झालं होतं?"

"तुझी मामी येईल ना सिनेमा बघायला," आई म्हणाली. "लिही. दार सताड उघडतं."