चौऱ्याऐंशी सेंटिमीटर

दीपमाला दोन रॅकच्या मधोमध अडकली, आणि अडकल्यावर तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे मान वळवून मागे कोण कोण हसतंय ते पाहून ठेवलं.

"ताई, जरा तिरक्या व्हा," निरंजन म्हणाला. "साइडनं येतंय बघा."

"तिरकीच आहे मी, सर. ह्याहून तिरकी झाले तर लाइनीकडं पाठ करून काम करावं लागंल."

निरंजन हातातल्या मोजपट्टीशी चाळा करत राहिला. सव्वीस वर्षांचा इंजिनिअर, या लाइनीचा आराखडा त्यानंच केलेला. दीपमालानं पोट आत घेतलं नाही. ते आत घ्यायचं तिनं तिशीतच सोडून दिलं होतं. उलट्या पावलांनी, घाई न करता, जशी गेली तशी ती बाहेर आली. एप्रनचं एक बटण तेवढं रॅकच्या हुकाला राहिलं.

चाकणच्या त्या कारखान्यात चारचाकी गाड्यांचे हार्नेस बनत. गाडीच्या अंगात जेवढ्या म्हणून वायरी असतात, तेवढ्यांची एकत्र बांधलेली ही जुडी. उचलायची म्हटलं की दोन्ही हातांवर आडवी घ्यावी लागते, टोकं दोन्हीकडून लोंबतात, आणि वजन भरतं अकरा किलो. सोमवारी नवी लाइन सुरू व्हायची होती आणि आज, शुक्रवारी, तिची चाचणी होती. बोर्ड नवे, दिवे नवे, रॅक नवे, आणि रॅकांमधली वाट पंचावन्न सेंटिमीटरची. लाइन लीडरला ती वाट दिवसातून शंभरदा तुडवावी लागते.

दीपमाला एकोणीस वर्षं हार्नेस बांधत होती, त्यातली आठ लीडर म्हणून. कनेक्टर नीट बसला की बारीक 'टक्' होतं. बत्तीस बायकांच्या गलक्यात एखादं 'टक्' कमी पडलं, तर ती पाठमोरी असली तरी थांबायची आणि बरोबर त्या बोर्डापाशी जाऊन उभी राहायची. नव्या मुली सुरुवातीला घाबरत. मग त्यांनाही ते ऐकू यायला लागे, आणि ज्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकू येई त्या दिवशी मुलगी दीपमालाकडे बघून हसे. त्या हसण्यापुढे पगारवाढीचं पत्रसुद्धा फिकं असतं, असं तिचं मत होतं. अर्थात पगारवाढीचं पत्र तिनं कधी परत केलेलं नव्हतं.

साडेअकराला एचआरच्या अंजली मॅडमनी तिला वर बोलावलं. मॅडम चांगल्या होत्या. बोलताना समोरच्याला पाणी देत.

"ताई, रेकॉर्ड रूममध्ये एक जागा आहे. जनरल शिफ्ट, नऊ ते साडेपाच. एसी, कॉम्प्युटर, बसून काम. पगार तोच. तुमच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला आहे?"

"अनुभव हार्नेसचा आहे, मॅडम. फाइलींचा न्हाई."

"शिकाल हो. आणि तुमच्या तब्येतीच्या दृष्टीनं पण... नव्या लाइनीवर मूव्हमेंट फार आहे. ती लाइन तुमची दिव्या बघेल. तुम्ही आयुष्यभर शिफ्टा केल्यात, आता थोडा वर्क-लाइफ बॅलन्स नको का?"

"जाड म्हणा की, मॅडम. शिवी थोडीच आहे ती."

अंजली मॅडम लाल झाल्या. "मी तसं म्हटलं नाही."

"न्हाई म्हटलं, म्हणून तर एवढं लांबलं." दीपमालानं पाणी संपवलं आणि ग्लास टेबलावर उपडा न घालता नीट ठेवला. "आणि बॅलन्सचं म्हणाल तर मला तराजूत बसवायची हौस लोकांना पहिल्यापासून आहे. पारडं कुठं झुकणार ते ठरलेलंच असतं."

"चार वाजेपर्यंत सांगा," मॅडम हळूच म्हणाल्या. "सोमवारची नावं आज टाकायचीत."

जेवणाच्या सुट्टीत तिनं नवऱ्याला, शेखरला फोन लावला. तो मोशीतून कंपन्यांच्या बस चालवायचा आणि या वेळी बस झाडाखाली लावून डबा खात असायचा.

"घे की मग," तो घास चावत म्हणाला. "बसून काम. संध्याकाळी घरी. लोक असल्या जागेसाठी साहेबांच्या मागं लागायलेत."

"मागच्या वर्षी दीड महिना बसले होते की घरी. ऑपरेशनच्या वेळी."

शेखर चावायचा थांबला. मग हसला. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दीड महिना विश्रांती सांगितली होती. पोरी कौतुकानं चहा हातात देत होत्या, घरात कशाला काही कमी नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिनं टीव्हीच्या मागच्या वायरी सोडवून, टेप गुंडाळून, ओळीत बांधल्या. चौथ्यात फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन. पाचव्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या बाई, आमच्याकडे पण येता का, म्हणून विचारायला आल्या होत्या.

"तुला काय पाहिजे ते कर बाई," शेखर म्हणाला. "फक्त परत माझा चार्जर बांधू नको. आठवडाभर गाठ सुटली नव्हती."

कँटीनमध्ये समोर सादिका आणि दिव्या बसल्या होत्या. सादिका तिच्याच वयाची, तिच्याच बॅचची, तोंडानं फटकळ. दिव्या चोवीस वर्षांची, कंत्राटावरची, हाताला चपळ. अकरा महिन्यांचं कंत्राट, दर वेळी नवं.

"ताई, मी मागितलं नव्हतं," दिव्या ताटाकडे बघत म्हणाली. "त्यांनीच माझं नाव घेतलं."

"कळतंय गं मला. तू चांगलीच होशील लीडर. पण माझी खुर्ची अजून गरम आहे."

"लीडरला कुठं खुर्ची असते?" सादिका म्हणाली.

"तेच तर. देतायत आता."

दुपारी दीपमाला सरळ निरंजनच्या टेबलापाशी गेली.

"सर, पंचावन्न आणले कुठून?"

"मापं घेतली ना ताई. पाच जणींची. एचआरनं पाठवल्या होत्या." त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पाच मुली, पाचही शेलाट्या, दोन्ही हात सरळ खाली सोडून हसत उभ्या. "रिपोर्टात फोटो जायचे होते," तो पुटपुटला.

दीपमालानं एकेक चेहरा, मग एकेक हात बघितला.

"पोरी छान आहेत. पण ह्यांच्या हातात काय आहे?"

"काही नाही."

"लाइनीवर रिकाम्या हातानं कोण फिरतं, सर?"

निरंजन फोटो मोठा करून बघायला लागला. तोवर ती निघालीही होती. तिनं तयार हार्नेस उचलून दिव्याच्या हातांवर आडवा ठेवला आणि रॅकांकडे बोट केलं. दिव्या दोन पावलं गेली. तिसऱ्याला डावीकडचं टोक हुकात गुंतलं, उजवीकडचं रॅकच्या कडेला घासलं, आणि एक पिवळी वायर कनेक्टरमधून सुटून लोंबायला लागली.

"हिलापण डाएटवर घाला बाई," सादिका मोठ्यानं म्हणाली. "मूव्हमेंट होईना हिची."

सगळी लाइन हसली. सकाळी हसणाऱ्या त्याच बायका, पण आता सगळ्या निरंजनकडे बघत होत्या. त्याचे कान तापले. तरी पोरगा सरळ होता. लगेच मोजपट्टी काढून त्यानं दिव्याचं हार्नेससकट माप घेतलं.

"बासष्ट," तो म्हणाला. "मागं पिवळ्या पट्ट्यापर्यंत जागा आहे. रॅकचे बोल्ट काढून सरकवतो, रविवारपर्यंत होईल." त्यानं बदलाचा कागद काढला. कारणाच्या रकान्यात 'हार्नेस नेताना अडथळा' असं लिहून, आवाज खाली आणून तो तिला म्हणाला, "ताई, यात तुमचं नाव कुठंच येणार नाही. काळजी करू नका."

त्यानं चांगल्या मनानंच म्हटलं होतं. दीपमालानं कागद हातात घेतला. बासष्ट. दिव्यापुरते बासष्ट. सोमवारी वाट रुंद झालेली असेल, सगळे खूश असतील, आणि ती हार्नेस घेऊन शिरली की परत सकाळसारखी अडकेल. फरक एवढाच, की तेव्हा कुणाला दोष देता येणार नाही. गप्प बसलं तर आज लाज वाचत होती आणि लाइन जात होती.

तिनं कागद परत दिला.

"दिव्या, तो हार्नेस माझ्या हातावर दे."

"ताई..."

"दे म्हणते ना."

अकरा किलो हातांवर घेऊन ती मोकळ्या जागेत, नव्या दिव्यांच्या लख्ख उजेडात, सगळ्यांसमोर उभी राहिली. कोपर जसं कामात असतं तसं बाहेर. पोट जिथं असतं तिथं.

"घ्या माप, सर."

निरंजननं एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत पट्टी धरली. आकडा तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"मोठ्यानं वाचा. दिव्या लिहून घेतीय."

"चौऱ्याहत्तर."

कुणी हसलं नाही. जिन्यावर अंजली मॅडम येऊन उभ्या होत्या. खाली गर्दी कशाची म्हणून बघायला आल्या असाव्यात.

"मॅडम, चार वाजायचेत अजून," दीपमाला हात न हलवता म्हणाली, "पण उत्तर आत्ताच घ्या. मी लाइनीवरच राहते. ही पोरगी माझ्या हाताखाली दोन वर्षांत अशी तयार होईल, की मीच तिला जागा देईन. पण मी द्यायची. तुम्ही काढून घ्यायची न्हाई."

मॅडमनी खाली बघितलं. रॅक, मोजपट्टी, हार्नेसमधून अजून लोंबणारी पिवळी वायर. "निरंजन," त्या म्हणाल्या, "एवढं सरकवता येतं का?"

"येतं, मॅडम. चौऱ्याहत्तर सहज बसतात."

"मग सरकवा." आणि जरा थांबून, "ताई, तुमचंच नाव ठेवते."

कागद आता दिव्याच्या हातात होता. ७४ लिहून झालं होतं, पण पेन उचललं नव्हतं. ती दीपमालाच्या अगदी जवळ सरकली, हार्नेस सावरल्यासारखं केलं, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली,

"ताई, दहा अजून मागा ना."

"का गं?"

"दिवाळीपर्यंत लागतील. पोट पुढं आलं की हार्नेस कुशीला धरून चालावं लागेल, तेव्हा चौऱ्याहत्तरही पुरणार नाहीत." तिची नजर जिन्याकडे गेली आणि लगेच परत आली. "अजून कुणाला सांगितलं नाही मी. पुढच्या महिन्यात कंत्राटाची सही आहे."

दीपमालानं तिच्याकडे पाहिलं. एखादं 'टक्' चुकल्यावर थांबायची, तशी क्षणभर थांबली.

"सर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चौऱ्याहत्तर खोडा. चौऱ्याऐंशी करा."

"पण ताई, आत्ताच तर मोजलं..."

"आत्ताचं मोजलं. दिवाळीचा फराळ कोण मोजणार? दरवर्षी अंगावर येतो माझ्या."

बायका खदखदून हसल्या. निरंजनही हसला, आणि हसता हसता त्यानं पिवळ्या पट्ट्याकडे नजर टाकून मान हलवली. बसत होते.

"कारण काय लिहू मग?" त्यानं विचारलं. "हार्नेसचंच?"

"माझं नाव लिहा."

"ताई," अंजली मॅडम जिन्यावरून म्हणाल्या, "हा कागद ऑडिटला जातो. बाहेरचे लोक वाचतात. नावानिशी माप..."

"वाचू द्या. जरा जास्तच वाचतील, एवढंच."

निरंजननं दिव्याकडून कागद घेऊन लिहिलं. मग सहीसाठी कागद पुढे केला. तिचे हात अडकलेले बघून दिव्या पटकन पुढे आली आणि हार्नेस उतरवून घ्यायला तिनं दोन्ही हात पसरले.

"तू राहू दे," दीपमाला म्हणाली. "सादिका, ये गं इकडं. टोक धर."