अर्थिंगचा खड्डा

चिंतामणी बर्व्यांचा सवाल अगदी सरळ होता. एका कानाने धड ऐकू न येणाऱ्या बाईला दोन स्पीकरचं यंत्र हवंय कशाला?

हा सवाल त्यांनी पडवीत केला, जेवताना केला, आणि चिपळूणहून आलेल्या एस.टी.च्या टपावरून खोकी उतरली तेव्हा दापोली स्टँडवर चारचौघांत केला. त्यांच्या पत्नीने, मालिनीबाईंनी, एकदाही उत्तर दिलं नाही. हमालाच्या डोक्यावर ॲम्प्लिफायरचं खोकं चढत असताना त्या एवढंच म्हणाल्या, "उलटं धरू नका हो. बाण वर हवा."

१९८६चा मार्च संपत आला होता. आदल्या जूनमध्ये मालिनीबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. दिवाळीनंतर डाव्या कानात शिट्टी वाजल्यासारखं सुरू झालं, मग त्या बाजूने कुणी बोललं की शब्द कापसात गुंडाळल्यासारखे येऊ लागले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, डाव्या कानाची नस निकामी होत चालली आहे, उजवा आज ठीक आहे, उद्याचं सांगता येत नाही, मोठे आवाज टाळा. परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या. खेड येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. उजवा कान आहे तोवर गाणं नीट ऐकायचं. ट्रान्झिस्टरच्या डबड्यातून नाही. पुण्यात बी.एस्सी. करताना सभागृहात ऐकलं होतं तसं, तंबोरा एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला आणि गळा मधोमध.

आपल्या फंडातून त्यांनी यंत्र मागवलं. ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन स्पीकर.

जोडणी करायला ज्याच्यामार्फत ते मागवलं त्या बाजारातल्या दुकानाचा मेकॅनिक सदू आला. तिशीचा, चटपटीत, कानावर पेन्सिल. कधीकाळी तो मालिनीबाईंच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा.

"बाई, ठेवायचं कुठं?"

"शोकेसमध्ये," चिंतामणराव म्हणाले. "धूळ बसत नाही आणि दिसतंही बरं."

शोकेसमधला शिंपल्यांचा गणपती सरकवून सदूने ॲम्प्लिफायर आत बसवला. त्यावर चिंतामणरावांनी क्रोशाचा रुमाल पसरला आणि काच ओढून घेतली. भिंतीवरचा प्लग जुना, दोन भोकांचा होता. यंत्राच्या वायरला मात्र तीन पिनांची टोपी होती. सदूने ती पकडीने कापली, दोन पिनांची लावली आणि उरलेली हिरवी वायर मुडपून तिच्यावर काळी टेप गुंडाळली. हे त्याने इतक्या सहज केलं की मालिनीबाईंच्या ते त्या क्षणी लक्षातही आलं नाही. त्यांचं लक्ष स्पीकरकडे होतं.

सदूने कॅसेट लावली. खोली भरून गेली. मालिनीबाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. तंबोऱ्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकू येत होत्या. सदू गेला तरी त्या तशाच उभ्या होत्या.

दुपारी चार वाजता आवाज जरा कमी करायला त्यांनी काच सरकवून हात आत घातला. बोटांना मुंग्या आल्या. त्यांनी हात मागे घेतला, पदराला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा मुंग्या, मनगटापर्यंत. पाय अनवाणी, खाली थंड फरशी. क्रोशाचा रुमाल उचलून पाहिला तर पत्रा तव्यासारखा तापलेला.

त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग ओढून काढला आणि टेप गुंडाळलेली हिरवी वायर त्यांना दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदूला बोलावणं गेलं. मालिनीबाईंनी यंत्र काचेतून काढून भिंतीशी लाकडी बाकावर ठेवलं होतं, चारी बाजू मोकळ्या. "टेस्टर लाव," त्या म्हणाल्या.

सदूने बटण चालू करून पत्र्याला टेस्टर टेकवला. आतला दिवा लालसर पेटला.

"थोडं लीकेज असतंच, बाई. एवढ्याने काय होत नाही. चपला घालून लावत जा."

"घरात गाणं ऐकायला मी चपला घालू?"

"रबरी घाला. सगळे तसंच करतात."

"सदू, आठवीत मी तुला अर्थिंग शिकवलं होतं. फळ्यावर आकृती काढून. हिरवी वायर कशाला असते?"

सदू ओशाळला, पण हसलाही. "गळकी वीज जमिनीत न्यायला. पण ते परीक्षेपुरतं होतं, बाई. ह्या घरात अर्थिंगच नाय. हिरवी वायर जोडू कुठं? त्याला खड्डा हवा, पाइप हवा, आणि तुमच्याकडे सगळा जांभा. पहार उडते नुसती. पाऊस पडून गेला की बघू."

पडवीतून चिंतामणराव आत आले. "पंचवीस वर्षं या घरात वीज आहे. कुणी मेलं का?"

"मरायची वाट बघायची का?"

"अगो, तू शाळा सोडलीस, पण शाळा तुला सोडत नाही." ते सदूकडे वळले. "हे दुकानात परत घेतील का रे तुझे मालक?"

"खोकं शाबूत असलं तर घेतील की," सदू म्हणाला.

मालिनीबाई माजघरात गेल्या. खोकी कोपऱ्यात रचून ठेवली होती. त्यांनी ती एकेक करून पायाखाली दाबली, फाडली आणि न्हाणीत जाऊन बंबात कोंबली. आतला थर्मोकोल तेवढा बाजूला ठेवला, त्याचा धूर वाईट म्हणून. बंब धडधडून पेटला. परत आल्या तेव्हा हाताला काजळी होती.

"खोकं नाही आता," त्या म्हणाल्या.

सदूने पिशवी उचलली आणि तो हळूच पायरी उतरला. त्याला मालिनीबाईंनी अंगणात गाठलं. "जस्त चढवलेला लोखंडी पाइप, तांब्याची वायर आणि तीन भोकांचा प्लग आणून ठेव. खड्डा मी बघते."

खड्ड्याची जागा त्यांनी संध्याकाळीच हेरली. घरामागे आगरात न्हाणीचं पाणी जायचं तिथे केळीचं बन होतं. बाकी सगळीकडे उन्हाने तापलेला तांबडा जांभा, पण त्या आळ्यात बारा महिने ओल. घराचा गडी केरू परसात आंब्याच्या पेट्यांसाठी पेंढा झाडत होता. त्याला त्यांनी हाक मारली तर तो अवघडून उभा राहिला.

"वयनीनू, दादानी सांगितलानी, आंबा उतरस्तवर दुसरा काम करायचा नाय."

"यांनी खड्ड्याचं नाव घेऊन सांगितलं?"

केरूने मान खाली घातली. घेतलं होतं म्हणायचं.

"बरं. पहार कुठं ठेवलीस तेवढं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मालिनीबाईंनी पदर खोचला आणि केळीच्या आळ्यात उतरल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी हातात पहार धरण्याची ही पहिलीच वेळ. वरची वीतभर माती मऊ निघाली. मग गोटे लागले. पहार वाजायची, हात खांद्यापर्यंत झिणझिणायचे. त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या, नारळाच्या करवंटीने माती उपसायच्या, पुन्हा सुरू. शेजारच्या दगडी गडग्यावरून दोन डोकी वर आली, बराच वेळ बघत राहिली आणि खाली गेली. दुपारपर्यंत अख्ख्या आळीला कळलं होतं की बर्व्यांची मास्तरीणबाई परसात खड्डा खणते आहे.

चिंतामणराव आंब्याच्या कलमांवरून परतले ते तडक मागेच आले.

"लोक मला विचारतायत, घरात काय पुरायचंय? शोभतं का हे?"

"पाइप पुरायचाय. सांगा त्यांना."

"गाण्यासाठी एवढा हट्ट?"

मालिनीबाईंनी पहार टेकवली. तळहाताला फोड येऊन फुटला होता, तो त्यांनी पदराने दाबून धरला. "गाण्यासाठी आहे, आणि त्या पत्र्याला हात माझा लागणार आहे म्हणूनही आहे. तीस वर्षं पोरांना सांगत आले की धातूच्या यंत्राला अर्थिंग नसेल तर हात लावू नका. माझ्याच घरात आता चपला घालून बसू? तुम्हाला लाज कशाची वाटते ते तुमचं तुम्ही बघा. मला या खड्ड्याची वाटत नाही."

चिंतामणराव निघून गेले. जेवायला बसले तेव्हा वाढपापुरतंच बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी अडीच फुटांवर जांभ्याचा एक मोठा दगड आडवा आला. पहार मारली की नुसती लाल भुकटी उडायची. मालिनीबाई घामाने निथळत काठावर टेकल्या. बाराच्या सुमाराला केरू आला, भाकरीचं फडकं केळीच्या पानावर ठेवलं आणि पहार घेतली.

"केरू, तुला नको म्हटलंय ना?"

"ही माजी जेवायची सुट्टी हाय. ह्यो वेळ दादांचा नाय." तो खड्ड्यात उतरला. दगडाच्या कडेने आधी चर मारला, मग पहार खाली घालून सगळा भार टाकला. दगड हलला. चौथ्या फुटाला ओली, गार माती लागली. केरूने तिचा गोळा करून बाईंच्या हातावर ठेवला. भाकरी त्याने उभ्याउभ्याच खाल्ली आणि तो पेंढ्याकडे परतला.

संध्याकाळी सदू सामान घेऊन आला. त्याने खड्ड्यात डोकावून खोली पाहिली. मग सांगितल्याशिवाय कामाला लागला. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ थरांनी भरलं, वर माती. पाइपाला तांब्याची वायर घट्ट आवळली आणि भिंतीच्या कडेने खिडकीतून आत आणली. मेन स्विच मालिनीबाईंनी स्वतः खाली ओढला होता आणि त्यापुढे स्टूल टाकून त्या बसल्या होत्या, कुणी चुकून चढवू नये म्हणून. नवा प्लग बसला. सदूने यंत्राच्या वायरीला पुन्हा तीन पिना लावल्या आणि टेपमधून हिरवी वायर सोडवली.

"आता लावा, बाई."

"आधी बल्ब."

सदूने सुस्कारा टाकला, पण आणला. मेन वर गेला. होल्डरच्या दोन वायरी, एक फेजला, म्हणजे जिवंत तारेला, एक नव्या अर्थिंगला. बल्ब पेटला, पण मिणमिणता, तांबूस.

"चालेल एवढं," सदू म्हणाला.

"नाही चालणार. पूर्ण उजेड पडत नाही म्हणजे जमीन अजून कोरडी आहे."

सदूने वायरी सोडवल्या. मालिनीबाईंनी पाइपाच्या तोंडात मिठाचं पाणी ओतलं, एक कळशी, दोन, पाच. विहिरीवरून कळश्या आता सदूच आणू लागला. अर्ध्या तासाने पुन्हा बल्ब लावला तेव्हा त्याच्या उजेडात भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं.

सदूने ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. त्याने हाताच्या पंजाची मागची बाजू टेकवून बघितली. मग पायातल्या चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या आणि पुन्हा टेकवला.

"झटका नाय लागत, बाई."

"दुकानात आता दुसऱ्या कुणाची हिरवी वायर कापशील?"

"गिऱ्हाइकांना सांगीन अर्थिंग करायला," तो म्हणाला. "ऐकतील का, माहीत नाय."

तो गेल्यावर मालिनीबाईंनी स्पीकरच्या वायरी एकदा तपासल्या, कुठे एखादी तार दुसरीला टेकत नाही ना ते. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, मगच यंत्र चालू केलं. खुर्ची दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर ओढली, फूटपट्टी लावून. आवाज हळूहळू चढवला आणि डॉक्टर आठवून पुरे वाटलं तिथे थांबवला.

तरी काहीतरी खटकत होतं. गळा मधोमध नव्हता. सगळं उजवीकडे कललेलं, तंबोरा तर जवळजवळ नव्हताच. त्या दिवशी उभ्याने ऐकताना आनंदाच्या भरात हे कळलं नव्हतं. यंत्रात दोष नाही, दोष आपल्या डाव्या कानात आहे हे त्यांना लगेच उमगलं. मग पुढच्या पट्टीवरचं एक छोटं बटण त्यांच्या नजरेस पडलं. बॅलन्स. त्यांनी ते डावीकडे किंचित फिरवलं. आणखी थोडं. आणखी. डावा स्पीकर चढत गेला, उजवा उतरत गेला, आणि एका जागी आल्यावर गाणारा सरकून समोर, बरोबर त्यांच्यापुढे येऊन बसला. तंबोरा त्याच्या मागे उभा राहिला. मालिनीबाई खुर्चीत मागे टेकल्या. फोड आलेले हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते.

चिंतामणराव दारात आले. अंगाला पेंढ्याची कुसं चिकटलेली. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "डावाच वाजतोय. बिघडलं वाटतं." आणि बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका. बिघडलेलं नाही. मला मधोमध ऐकू येतंय."

त्यांनी हात मागे घेतला. ते पाय धुवायला गेले.

सकाळी मालिनीबाई उठून पाहतात तो बटण बरोबर मध्यावर.

"मी नीट केलं," चहा पिताना चिंतामणराव म्हणाले. "येणारा जाणारा हसेल. नवं यंत्र आणि एकाच अंगाने बोंबलतंय."

"हसू दे की."

मालिनीबाई परसात गेल्या. आंब्याच्या पेट्यांवर नाव घालायचा लाल रंगाचा डबा आणि कुंचला केरूकडून मागून आणला. कॅसेट लावून खुर्चीत बसल्या, उठल्या, बटण फिरवलं, पुन्हा बसल्या. असं चार वेळा. मग नेमक्या जागी कुंचल्याच्या टोकाने नव्याकोऱ्या चकचकीत पट्टीवर ठळक लाल ठिपका दिला.

"हे बटण इथे राहील," त्या म्हणाल्या.

चिंतामणरावांनी चष्मा नाकावर सरकवून ठिपका पाहिला. "अगो, हा पेट्यांचा रंग. निघत नाही तो."

"माहीत आहे मला," मालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॅसेट पहिल्यापासून लावली.