अप्पांच्या कानामागे

मित्रांनो, तुम्ही मला कधी नीट पाहिले नसेल. त्यात तुमची चूक नाही. कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणूनच मला कातडीचा रंग दिला आहे. मी एक जुने श्रवणयंत्र आहे. आकाराने काजूएवढे. अप्पांच्या डाव्या कानामागे बसून मी वर्षानुवर्षे ऐकते आहे, आणि खरे सांगायचे तर आता थकले आहे.

तुमचा कान हुशार असतो. नको ते तो आपोआप बाजूला सारतो. मला ते जमत नाही. पंख्याची घरघर, मिक्सर, सरकवलेली खुर्ची आणि मायेचा शब्द, सारे मी सारख्याच जोराने आत पोहोचवते. ओझे वाहणाऱ्याने गोणीत काय आहे ते विचारायचे नसते.

अप्पा छापखान्यात कामाला होते. उभा जन्म यंत्रांच्या धडधडीत गेला. निवृत्तीनंतर निवांत बसायची वेळ आली, तेव्हा शांतता जरा जास्तच पदरात पडली. सूनबाई म्हणायची, "अप्पा, चहा गार झाला." अप्पा दचकून विचारायचे, "कोण ठार झाला?" सगळे हसायचे, अप्पाही हसायचे. पुढे पुढे घरात कशावरून हसताहेत तेच त्यांना कळेना, तेव्हा ते नुसतेच हसू लागले. मुलाच्या ते लक्षात आले आणि तो त्यांना कान तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी अप्पांच्या कानात मऊ गुलाबी लगदा भरला. तो घट्ट झाल्यावर अलगद काढला आणि त्या साच्यावरून माझा कानात बसणारा भाग घडवला. त्यामुळे मी दुसऱ्या कुणाच्याच कामाचे नाही. मला पहिल्यांदा लावले तेव्हा अप्पा इकडेतिकडे बघू लागले.

"ही टकटक कसली?"

"घड्याळ आहे, आजोबा," नात म्हणाली.

"एवढं ओरडतं?"

त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. अप्पा मला तळहाताच्या फोडासारखे जपत. अंघोळीआधी काढून ठेवत, मऊ फडक्याने पुसत. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन ते तळ्यावर जात. त्यांचा तो जुना छंद. मुलगा लहान असताना त्यालाही गळ धरायला त्यांनीच शिकवले होते. तिथे मला कष्ट नव्हते. पाण्याची चुळबुळ, एखादा पक्षी, बाकी काही नाही. मासा लागला नाही तरी अप्पा खुशीत घरी येत.

मग दिवस पालटले. अप्पांचे गुडघे दुखू लागले, एकट्याने तळ्यावर जाणे सुटले. माझ्यात मळ साचला. मी वेळीअवेळी शिट्टी वाजवू लागले. "आजोबा, तुमचा कुकर झाला," नात म्हणायची. मला साफ करून आणायला कुणाला सवड नव्हती. खुद्द नातीच्या कानांत दिवसभर गाणी ऐकायची पांढरी बोंडे असतात. हाक मारली तर तिलाही ऐकू येत नाही. पण तिला कुणी बहिरी म्हणत नाही.

एका रविवारी सगळे दुपारच्या जेवणाला नव्या हॉटेलात गेले. तिथे मेनूकार्ड नव्हते. टेबलावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवला होता. त्याच्यावर फोन धरला की पदार्थ दिसत. तिघांनी आपापल्या फोनमध्ये डोके घातले. अप्पांचा फोन साधा. ते चौकोनाकडेच बघत बसले.

वर गाणी जोरात लागली होती. बशा आदळत होत्या, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. त्या गदारोळातून मी शब्द वेचत होते, पण हाती लागत होती फक्त टरफले. अप्पा सवयीने हसत होते.

आणि अचानक वीज गेली. गाणे थांबले, पंखे थांबले. क्षणभर सगळे हॉटेल गप्प झाले. मुलगा मात्र गाण्याच्या वर आवाज चढवून बोलत होता. त्याचे वाक्य त्या शांततेत लख्ख ऐकू आले.

"अप्पांना तळ्यावर न्यायला नको! दोन दिवस तिथं राहायचं म्हणजे ओरडून ओरडून घसा बसेल. आपण विश्रांतीला चाललोय ना?"

"अहो, हळू," सूनबाई म्हणाली.

"त्यांना कुठं काय ऐकू येतंय!"

मित्रांनो, त्या क्षणी माझा सेल संपला असता तर किती बरे झाले असते! पण मी इमानदारीने एकेक अक्षर आत पोहोचवले. अप्पा ताटाकडे बघत राहिले. वीज आली, गाणे सुरू झाले. अप्पांनी मला कानातून काढले, कागदी रुमालात गुंडाळले आणि ताटाशेजारी ठेवले. निघताना ते मला विसरले, असे नंतर घरचे म्हणाले. विसरले नव्हते. उठताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले होते.

वेटरने उष्ट्या बशांबरोबर मलाही टबात लोटले. रुमालाच्या घडीत दाबले जाऊन मी जोरात शिट्टी मारली.

"आयला, हा कागद ओरडतोय!" तो म्हणाला. त्याने रुमाल उलगडला, म्हणून मी वाचले.

दुसऱ्या दिवशी मुलगा मला न्यायला आला. गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमच्या आईकडं पण आहे. ती हॉटेलात यायचं नावच काढत नाही. म्हणते, डोक्यात भांडी पडतात."

मुलाने मला तळहातावर घेतले. काय मनात आले कोण जाणे, त्याने मला स्वतःच्या कानाला दाबून धरले. तेवढ्यात आत कुणीतरी ताटांचा ढीग ठेवला. तो केवढा दचकला! तरी त्याने मला लगेच काढले नाही. डोळे मिटून तो तिथेच उभा राहिला.

घरी अप्पा बाल्कनीत गळाच्या दोरीचा गुंता सोडवत बसले होते. मुलाने मला पुढे केले.

"ठेव तिथं," अप्पा म्हणाले. "उगाच सेल वाया जातो."

मुलगा खुर्ची ओढून अगदी त्यांच्यासमोर बसला. न ओरडता, सावकाश बोलला, "काल मी बोललो, ते ऐकलंत ना?"

अप्पा त्याच्या ओठांकडे बघत होते. "ऐकलं."

"चुकलं माझं, अप्पा."

अप्पांनी दोरी मांडीवर ठेवली. "खोटं नाही बोललास. तुमचा घसा बसतो. पण ऐकून ऐकून मीही दमतो रे. ते कुणाला सांगू?"

मी त्या दोघांच्या मध्ये, कठड्यावर पडले होते. इतकी वर्षे मला वाटत होते, थकते ते मी एकटेच. मुलाने गुंत्याचे दुसरे टोक हातात घेतले आणि म्हणाला, "तळ्यावर चला. ओरडावं लागेल असं काही बोलायचंच नाही तिथं."

अप्पा गेले. मासे मिळाले नाहीत. परत आल्यावर मुलाने मला साफ करून आणले. तरी माझे वय काही कमी झाले नाही. शिट्टी अजून वाजते.

मित्रांनो, मला रोज पुसा, कोरडे ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. कमी ऐकणाऱ्याच्या समोर येऊन बोला. त्याने पुन्हा विचारले तर पुन्हा सांगा. वैतागून "जाऊ दे, काही नाही" असे म्हणू नका. बाकीची वाक्ये माझ्याकडून अर्धीमुर्धी पोहोचतात. ते एक मात्र दर वेळी स्वच्छ ऐकू येते.