टेकडीवरचा कर्णा आणि एक अंगठा

विषय : विमानांचा आवाज ऐकण्याचा कर्णा, नग एक, निरुपयोगी.
संदर्भ : कानमास्तरांचा अर्ज.

वरील विषयातला नग मीच. मी कर्णा बोलतोय. माझं काम खरं तर ऐकण्याचं. कचेरीच्या शेजारात राहून भाषा अशी कारकुनी झाली, ती गोड मानून घ्यावी.

वाद्यांच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. युद्ध लागलं आणि तिथे वाजणाऱ्या वस्तूंऐवजी ऐकणाऱ्या वस्तू होऊ लागल्या. माणूस आत उभा राहील एवढी दोन तोंडं, मागे दोन रबरी नळ्या. त्या कानाला लावायच्या आणि न दिसणारं विमान ऐकायचं.

या कामावर एक आंधळे गृहस्थ नेमले. पूर्वी ते वाद्यं सुरात लावत. सगळे त्यांना कानमास्तर म्हणत. त्यांची बायको खालच्या गावात सूतगिरणीत होती. दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन टेकडी चढायची. डब्याचं सैल झाकण वाजलं की मास्तर हसायचे. ती म्हणायची, "विमानं कोसावरून ऐकता, मी घरात हाक मारली की बहिरे होता."

नियम असा होता : विमान ऐकू आलं की नोंदवहीत वेळ लिहायची, मास्तरांनी अंगठा उठवायचा, त्या अंगठ्याला साक्षीदार म्हणून कारकुनाने सही करायची आणि मगच टेकडीवरच्या ठाण्याच्या साहेबांनी गावाचा भोंगा वाजवायचा. कारकून उतारावरच्या खोलीत बसायचा. त्याने चढून यायला, धाप टाकायला आणि सही करायला मिळून चार मिनिटं.

पहिल्या वर्षी ऐकू आल्यापासून विमानांना गावावर पोचायला पंधरा मिनिटं लागत. माणसं चूल विझवून, शेजाऱ्याशी चाललेलं भांडण अर्धवट सोडून तळघरात जात. मग नवी इंजिनं आली, दहा मिनिटं. तिसऱ्या वर्षी पाच. विमानांचा वेग वाढत गेला, कारकुनाचा वाढला नाही.

मास्तरांनी अर्ज केला : भोंगा आधी वाजवावा, सही मागाहून घ्यावी. अर्ज कारकुनानेच लिहून दिला, सुवाच्य अक्षरात, अगदी मनापासून. उत्तर आलं : विचाराधीन.

पुढे एका दुपारी मास्तरांची बायको डबा घेऊन परत उतरली. थोड्या वेळाने मास्तर नळ्या लावून ताठ झाले. हा आवाज नवा होता, बारीक आणि घाईचा.

"तीन मिनिटं," ते म्हणाले. "साहेब, भोंगा द्या. ती गिरणीच्या फाटकाशी असेल."

साहेबांचं बोट बटणावर होतं, डोळे नोंदवहीवर. "सही होऊ द्या मास्तर. चुकलं तर माझी मान जायची."

कारकून धावला. खरंच धावला; पडला, उठला, आला, सही केली. भोंगा वाजला तेव्हा गिरणी नव्हती.

पुढे नोंदवहीची तपासणी झाली. एकही खाडाखोड सापडली नाही.

नंतर पडद्याचं यंत्र आलं, रडार. त्याला अंगठा नाही, म्हणून साक्षीदारही लागत नाही. हल्ली तर म्हणे असं काही येतं, जे आपल्याच आवाजाच्या पुढे धावतं. आधी पडतं, मग ऐकू येतं. अशा लढाईत मी तोंड कुठे करावं?

मास्तरांनी ते पायवाटेकडे करून ठेवलंय. अजून रोज दुपारी ते येतात, उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या कानाला लावतात. कधीकधी झाकण वाजतं. मीही ऐकतो. वाटेवर कुणी नसतं.

मागच्या आठवड्यात कारकून मला भंगाराच्या यादीत घालायला आला. जुन्या कागदांत त्याला तो अर्ज सापडला होता. त्याने मास्तरांना खालचा शेरा वाचून दाखवला : अर्जदाराच्या अंगठ्याला साक्षीदाराची सही नाही, सबब पूर्ततेसाठी थांबवला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "सही मागाहून घ्या म्हणणाऱ्या अर्जावर तरी ती मागाहून चालेल."

मास्तरांनी एका कानाची नळी काढली. मग म्हणाले, "आता करा."

त्याने केली. क्षणभर लागला.

निर्णय होईपर्यंत मला मोडू नये, वाटेकडे एक कान असू द्यावा, एवढीच विनंती. पूर्तता केलेला अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवण्यात आला आहे. उत्तर अद्याप आलेलं नाही.