गुलाम रसूल यांच्या कमरेवरचा पहारा

मित्रांनो, मी कातडीत पहारा देणारी एक जुनी पेशी आहे. माझे वास्तव्य निलंग्याच्या गुलाम रसूल यांच्या कमरेवर, पट्ट्याच्या जरा खाली. ते लग्नाच्या बँडमध्ये बाजा वाजवतात.

मला डोळे नाहीत. मी चाचपून ओळखते. बुरशीच्या पेशीच्या भिंतीत एक साखर असते. तशी साखर माणसाचे शरीर कधीच बनवत नाही. ती हाताला लागली, की पाहुणा घरचा नाही हे मला कळते.

गेल्या उन्हाळ्यात बँडचा मखमली कोट घामाने भिजायचा आणि अंगावरच वाळायचा. त्या ओलीत नायट्याची बुरशी आली. मी ओळखले. माझी धाकटी बहीण बुरशीचा तुकडा घेऊन जांघेतल्या गाठीकडे निघाली. तिथल्या लढाऊ पेशींना शत्रू दाखवावा लागतो. तिकडे गेलेली परत येत नाही, पण तिने फौज धाडली. लढाई जुंपली, कातडी लाल झाली आणि खाज सुटली.

एका वरातीत गुलाम रसूल एका हाताने बाजा धरून दुसऱ्याने कंबर खाजवू लागले. नवरदेवाचे मामा व्यंकटराव यांना ती नवी स्टेप वाटली. मग सगळी वरात कंबर खाजवतच मांडवात पोचली.

"दवाखान्यात जावा की," शहजादीबी नवऱ्याला म्हणाल्या. "लाजून राहिले काय?"

"एवढ्याशा खाजेला दवाखाना कशाला?" म्हणत त्यांनी दुकानातून एक ट्यूब आणली.

ती लावली आणि खाज पळाली. ते खूश झाले, मी मात्र पेंगू लागले. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. आमची फौज जागच्या जागी आडवी झाली आणि बुरशी आरामात पाठीवर चढली. पुढे घरच्या एकाच टॉवेलवरून ती लेकीच्या, हुमाच्या गालावर पोचली. तिलाही तीच ट्यूब लावायला ते निघाले, तेव्हा शहजादीबींनी त्यांचा हात धरला आणि दोघांना लातूरला कातडीच्या डॉक्टरांकडे नेले.

"तुमची खाज थांबली, कारण अंगातले पहारेकरी झोपले," डॉक्टर सुकन्या म्हणाल्या.

"म्हणजे पहारेकऱ्यालाच म्या गुंगीचं दिलं?"

"हाव," डॉक्टरांच्या आधी शहजादीबीच बोलल्या.

ट्यूब बंद झाली. आम्ही जाग्या झालो, तशी खाज आणखी वाढली, पण त्यांनी सोसली. बुरशीवरच्या गोळ्यांनी शत्रू खिळखिळा केला, उरलेला आम्ही संपवला. चट्टे गेल्यावरही सांगितले तोवर औषध चालू राहिले. हुमाचा गाल स्वच्छ झाला.

शेवटच्या तपासणीहून परतताना एसटीत गुलाम रसूल यांनी कमरेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "माफ करा, लई त्रास दिला तुम्हाला."

"असू द्या, असू द्या," शेजारचा प्रवासी म्हणाला आणि जरा सरकून बसला.

मला बोलता येत नाही, नाहीतर मीही तेच म्हटले असते. मित्रांनो, अंग कोरडे ठेवा, टॉवेल आपापला वापरा आणि न विचारता कसलीही ट्यूब लावू नका. आम्हाला जागे राहायला आवडते.