बोटभर जास्त

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि आधी बसा म्हणाले, तेव्हाच मला समजलं. पहाटे पाचोऱ्याहून माझ्या बायकोला, पुष्पाला, ॲम्ब्युलन्सने आणलं होतं. छातीत कळ आली होती. डॉक्टर सावकाश बोलत होते आणि मी मान हलवत होतो. तेवढ्यात दारातली सिस्टर म्हणाली, "बाबा, तुमच्या पायाला काय लागलंय?"

मी खाली पाहिलं. व्हरांड्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत पांढऱ्या फरशीवर एकाच पायाचे लाल ठसे उमटले होते. गडबडीत मी अनवाणीच निघालो होतो आणि कुठेतरी काच रुतली होती. मला कळलंही नव्हतं.

सिस्टरने काच काढून पट्टी बांधली. डॉक्टरांनी विचारलं, "शुगर आहे ना तुम्हाला? घरी पायांकडे कोण बघतं?"

पुष्पाला ठेवलं होतं त्या पडद्याकडे मी बोट दाखवलं.

मी वीज मंडळात वायरमन होतो, आता निवृत्त आहे. शुगर जुनी. तिने माझ्या पायांची जाणीव नेली. खडा टोचला तरी कळत नाही, फरशी तापलेली कळत नाही, बूट घट्ट आहे की सैल तेही कळत नाही. रोज संध्याकाळी पुष्पा माझे पाय मांडीवर घ्यायची आणि बोटांच्या सांदीत बघायची. तोंडाने शेजारणीच्या सुनेचं किंवा भेंडीच्या भावाचं चाललेलं असायचं. माझ्या चपला, बूटही तीच आणायची. मला दुकानात नेत नसे. म्हणायची, "तुम्हाला विचारून काय उपयोग? तुम्हाला सगळंच बरं वाटतं."

पुष्पाचं दिवसकार्य झाल्यावर मुलगी मृणाली जर्मनीला परत गेली. तिथे तिचं घर, नोकरी, आणि वर्षाच्या आतली मुलगी. आम्ही दोघांनी दिवाळीनंतर तिच्याकडे जायचं आधीच ठरलेलं होतं. आता मी एकट्यानेच यावं असं ती म्हणू लागली. नात भिंत धरून उभी राहत होती. ती पहिली पावलं टाकेल तेव्हा घरातलं कुणीतरी तिथे असावं, असं मलाही वाटत होतं. आमच्या पाचोऱ्याच्या डॉक्टरांची अट एकच होती. तिकडे थंडी, त्यामुळे बंद बूट लागतील. ते बरोबर मापाचे हवेत, आणि पायाला जखम असेल तर जायचं नाही.

फोनवर मृणालीने विचारलं, "आप्पा, तुमच्या बुटाचा नंबर किती?"

"आठ असेल."

"असेल म्हणजे?"

मी घरातली सगळी पायताणं अंगणात मांडली आणि फोन त्यांच्यावर धरला. सँडलवर ४२ होतं. बुटावर ८. स्लिपरवर ९.

"बघ, प्रत्येकाचं वेगळंच आहे. आणि तिन्ही मी वापरतो."

"तिन्ही एकच असतील, आप्पा. आपल्याकडे बहुतेक इंग्लंडचा नंबर चालतो, तो आठ. युरोपात त्यालाच बेचाळीस म्हणतात. अमेरिकेत नऊ."

"आणि बायकांचा?"

"अमेरिकेत बायकांचा आणखी निराळा. जपानमध्ये मात्र सरळ सेंटिमीटर सांगतात."

"मग सगळेच तसं का सांगत नाहीत?"

"प्रत्येकाची पट्टी वेगळी. इंग्लंडचा नंबर एकाने वाढला की बूट इंचाच्या तिसऱ्या भागाने वाढतो. युरोपचा वाढला की सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाने. शिवाय कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं."

मला यात नवल वाटलं नाही. आमच्या तारांचंही तसंच होतं. गेजचा, म्हणजे जाडीचा, नंबर मोठा असला की तार बारीक. नवीन माणूस हमखास फसायचा. नंबर म्हणजे माप नव्हे, एवढं मला नोकरीने शिकवलं होतं.

"नंबर राहू द्या," मृणाली म्हणाली. "पाय सेंटिमीटरमध्ये मोजू. कागदावर उभे राहा, टाच भिंतीला टेकवा, आणि सगळ्यात लांब बोटापुढे कुणाला तरी खूण करायला सांगा. तुम्ही वाकू नका. वाकलं की पाय सरकतो."

मी बरं म्हणालो. कागद घेतला, भिंतीला टाच लावून उभा राहिलो, आणि तसाच थोडा वेळ उभा राहिलो. खूण करायला घरात कुणी नव्हतं. शेजारी हाक मारता आली असती, पण माझ्या पायाशी वाका असं कोणाला सांगायचं?

मग मला काडी आठवली.

पुष्पाची ती पद्धत होती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवा खराटा यायचा. पाडव्याला मला ओवाळून झालं की ती त्यातली एक काडी ओढायची, मला पाटावर उभं करायची आणि काडी पायाला लावून तोडायची. टाचेकडच्या टोकाला लाल दोरा बांधायची. वर्षभर ती काडी पिठाच्या डब्यामागे उभी असे. चिंधाभाऊंच्या बुटांच्या दुकानात ती काडी घेऊनच जायची. काडी बुटात सपाट बसली तर बूट घ्यायचा, वाकली तर नाही. नंबर तिने कधी वाचला नसेल.

काडी डब्यामागेच होती. मी ती टेपवर धरली. अठ्ठावीस सेंटिमीटर भरली.

मृणालीला सांगितलं. ती म्हणाली, "पायच मोजलाय ना, आप्पा? बूट नाही ना?"

"तुझ्या आईची काडी आहे. पायाचीच."

ती म्हणाली, "मग बरोबरच असणार." तिने तिथल्या तिथे हिशोब केला. "बोटांपुढे मोकळी जागा म्हणून पायात दीड सेंटिमीटर मिळवायचे, आणि त्याची दीडपट म्हणजे युरोपचा नंबर. तुम्हाला चव्वेचाळीस लागेल. मी उगाच बेचाळीस म्हणत होते."

तिच्या ऑफिसात धुळ्याचा हितेंद्र म्हणून मुलगा आहे. तो नवरात्रात गावी आला, तेव्हा त्याच्याबरोबर तिने बूट पाठवले. त्याने ते धुळ्याहून एसटीच्या पार्सलने पाचोऱ्याला पाठवले. काळे, जाड तळाचे, आतून मऊ. मी नाडी आवळली, घरात फिरलो, मृणालीला सांगितलं, "छान बसले."

खोटं बोललो नव्हतो. मला छानच वाटले.

सवय व्हावी म्हणून मी रोज सकाळी स्टेशनपर्यंत जाऊन येऊ लागलो. एकदा चिंधाभाऊंनी दुकानातून हाक मारली.

"कौतिकभाऊ, बूट परदेशी दिसतात."

"लेकीने पाठवले."

"जरा मोठे नाही वाटत? चालताना टाच वर येतेय."

"पुष्पाच्या काडीवर घेतलेत."

चिंधाभाऊ हसले. "वहिनींची काडी असेल तर मी कशाला बोलू? त्या काडीपुढे माझं दुकान कधी चाललं नाही."

दिवाळी आली. यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. नवा खराटाही आणला नाही. भाऊबीज झाल्यावर पुष्पाची धाकटी बहीण सुनंदाबाई धुळ्याहून मला बघायला आली. मी फिरून येत होतो आणि ती ओट्यावर उभी होती. तिची बोली अहिराणी, 'आहे'ला 'शे' आणि 'आहेत'ला 'शेत' म्हणणारी.

"दाजी, ह्या बूट शेत का होडी शे?"

"जर्मनीचे शेत."

"तठे बठ्ठा लोक असाच पाय घसाडत चालतस का?"

मी हसलो. ती हसली नाही. तिने मला पायरीवर बसवलं आणि बूट काढला. मोजा निघेना. टाचेला चिकटला होता. तिने पाणी आणून तो हळूहळू सोडवला. टाचेवर रुपयाएवढी जखम होती.

"कधीपासून शे हाई?"

"माहीत नाही."

"अक्का रोज दखे ना तुम्हना पाय?"

"हो."

"आनि आते?"

मी पाय खाली घेतला. रिक्षा बोलावून तिने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम धुतली, पट्टी केली आणि सांगितलं, "भरेपर्यंत चालणं बंद. परदेशाचं नंतर बघू. सहसा भरेल, पण जपलं नाही तर बोट काय, पायही जातो." तिकीट काढायचं होतं, ते थांबलं.

संध्याकाळी मी सुनंदाबाईला काडी दाखवली. म्हटलं, "माप बरोबर होतं. यावरूनच घेतले."

तिने काडी माझ्या दुसऱ्या पायाखाली धरली. दोऱ्याचं टोक टाचेशी. पुढचं टोक अंगठ्याच्या बाहेर आलं, बोटभर.

"अशीच ऱ्हास काडी," ती म्हणाली. "आमनी मायनी रीत शे. पाय मोजाना, त्याना पुढे आपलं एक बोट आडवं ठेवानं, मंग काडी तोडानी. बूटमा तेवढी जागा लागस ना."

पाडव्याला मी पाटावर उभा असायचो. पुष्पा खाली बसून काय करते ते मी कधी वाकून पाहिलं नव्हतं, आणि तिचं बोट टेकलेलं पायाला समजत नव्हतं. मोकळी जागा काडीतच होती. मृणालीने हिशोबात ती पुन्हा धरली.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईने मला कागदावर उभं केलं, टाच भिंतीला लावली आणि वाकून पेन्सिलीने खूण केली. दोन्ही पाय मोजले. उजवा जरा मोठा निघाला, साडेसव्वीस सेंटिमीटर. मृणालीने फोनवर सांगितलं, मोठाच पाय धरायचा. साडेसव्वीस आणि दीड अठ्ठावीस, त्याची दीडपट बेचाळीस.

"आप्पा, मी आईचं बोट दोनदा धरलं," ती म्हणाली.

"तुला कुठे माहीत होतं?"

"तुम्हाला होतं?"

"नाही."

सुनंदाबाई मागून म्हणाली, "आते दोन्ही जण रडू नका. माले चहा कराना शे."

बूट चिंधाभाऊंकडून आठ नंबरचेच घेतले, आतून मऊ, पुढून रुंद. सुनंदाबाईने काडी आत टाकली. सपाट बसली. चिंधाभाऊ म्हणाले, "झालं. पास."

जखम भरायला मार्गशीर्ष उजाडला. रोज संध्याकाळी मी पायाखाली हातआरसा धरतो, दिव्याजवळ बसतो आणि बघतो. मृणाली फोनवर असते, ती सांगते, "आता डावा. आता सांदीत." मधूनच नात फोन ओढते. ती अजून भिंत सोडत नाही. डॉक्टरांनी परवा हो म्हटलं आणि तिकीट काढलं.

निघण्याआधी सुनंदाबाई पुन्हा आली. तिच्या घरच्या नव्या खराट्यातली एक लांब काडी तिने कागदात गुंडाळून आणली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय बदलतात, दरवर्षी माप घ्या.

"तोडू का?" तिने विचारलं.

माझी नजर पिठाच्या डब्याकडे गेली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने काडी पुन्हा गुंडाळली.

"ऱ्हाऊ द्या. घरनी बाईनं बोट लागस. मृणालीले सांगा. तिले ही रीत माहीत व्हवाले पाहिजे."

बॅग भरली आहे. आठ नंबरचे बूट दाराशी आहेत. चव्वेचाळीसचे खोक्यात घालून बरोबर घेतले आहेत, ते तिथे कुणाच्या मापाचे निघाले तर देऊन टाकायचे आहेत. जुनी काडी डब्यामागेच ठेवली. नवी बॅगेत आहे. ती अजून तोडायची आहे.