दादाला घेऊन तीन देश

"मीठ. मी-ठ," हॅलोताई तिसऱ्यांदा म्हणाली, आणि या खेपेला जरा जोरात म्हणाली. समोरच्याला आपली भाषा कळत नाही म्हणजे त्याला ऐकू कमी येत असणार, असं तिने धरून चाललं होतं. हॉटेलातला वाढपी हसला, लगबगीने गेला आणि जॅमची वाटी घेऊन आला. मग दूध घेऊन आला.

शेजारी दादा उकडलेलं अंडं सोलत बसला होता. त्याने वाढप्याकडे पाहिलं, चिमूट अंड्यावर चुरल्यासारखी केली आणि जीभ टाळ्याला लावून खारट तोंड केलं. वाढपी पळत जाऊन मीठ घेऊन आला. जाताना दादाच्या खांद्यावर थाप मारून गेला, जशी काही वर्षांची ओळख.

"लागला एकदाचा नेम," हॅलोताईने पलीकडच्या टेबलावरच्या, सहलीतल्याच बँकवाल्या काकूंना सांगितलं. "एरवी सगळं मलाच बघावं लागतं हो त्याचं."

खोटं नव्हतं ते. दादाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि धाकटी बहीण बोलायला लागली ती त्याच्याही वाट्याचं बोलायला लागली. दवाखान्यात, दुकानात, लग्नाकार्यात लोक दादाला काय हवं ते तिलाच विचारत, आणि तीही त्याच्याकडे न बघताच सांगून मोकळी होई. पुढे ती इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर झाली. सगळी हयात कानाला यंत्र लावून बोलण्यात गेली. हॅलोताई हे नाव तिथलंच. निवृत्तीनंतरही ते तिला चिकटून राहिलं.

दादा न्हावी झाला. न बोलणारा न्हावी म्हणजे बिनपाण्याची विहीर, असं लोक म्हणाले. पण दुकान असं चाललं की बाकावर जागा मिळेना. "डोकं भादरतो, पण खात नाही," असं गिऱ्हाइकं सांगत. कुणाकुणाला तर मनातलं सगळं त्याच्यापुढे ओकायची सवय लागली होती. गोष्ट बाहेर जायची भीती नाही, आणि वर दाढी गुळगुळीत.

आई गेल्यापासून दादा दुकानामागच्या खोलीत एकटा राहत होता. गेल्या साली एका सकाळी त्याचा नळ उघडा राहिला आणि पाणी शेजारच्या कापडवाल्याच्या गठ्ठ्यांत शिरलं. बाहेर माणसं दार बडवून, ओरडून थकली. आत दादा पांघरूण ओढून निवांत. शेवटी कडी तोडावी लागली. कापडवाला चार दिवसांत विसरला, पण हॅलोताईच्या छातीत ते दार कायमचं बसलं. पाण्याच्या जागी आग असती तर? तिने वरच्या मजल्यावरची मुलाची खोली रंगवून घेतली. मुलगा बायकोपोरांसह दूरच्या शहरात गेला होता, खोली रिकामीच होती. दादाने दुकान विकायचं आणि तिच्याकडे राहायला यायचं, असं तिने ठरवून टाकलं. उरलं होतं फक्त दादाला विचारणं.

त्यासाठीच ही सहल. बसने तीन देश. पहिल्या दोन देशांत त्याला खूश करायचं आणि तिसऱ्यात हळूच विषय काढायचा, तोवर त्याला सुगावा लागू द्यायचा नाही, असा बेत. बेत चांगला होता, पण हॅलोताईच्या तोंडात तीळ भिजत नसे. पहिल्या घाटात तो बँकवाल्या काकूंना कळला, बोगदा संपेपर्यंत मागच्या बाकांवर पोचला, आणि पहिली सीमा ओलांडली तेव्हा "दुकानाला गिऱ्हाईक बघितलं का?" असं खुद्द टूरवाल्या बाईच विचारत होत्या.

दुसऱ्या देशात मात्र भलतंच घडायला लागलं. कुणाला चादर जास्तीची हवी, कुणाला चहात साखर नको, कुणाची टोपी नावेत राहिली, की लोक दादाला हाक मारायला येत. म्हणजे हाताला धरून न्यायला येत. दादा दोन हात आणि एक तोंड वापरून असा खेळ करी की समोरचा परका माणूस हसत हसत काम करून देई. एका म्हाताऱ्या तिकीटवाल्याने तर त्याला आपल्या नातवंडांचे फोटो दाखवले. मोठा कसा आहे आणि धाकटा कसा वात्रट, हे त्याने हातवाऱ्यांनी सांगितलं, आणि ते दादाने बसमध्ये सगळ्यांना करून दाखवलं.

हॅलोताईला कौतुक वाटे. आणि टोचेही. तिचं सोन्यासारखं बोलणं इथे मातीमोल झालं होतं. दुकानदार तिचं पुरतं ऐकून घेत आणि मग दादाकडे बघत, हिला काय हवंय?

तिसऱ्या देशात बाजाराची अरुंद गल्ली होती. गर्दीत दादाची बाही धरायची, ही लहानपणापासूनची शिस्त. हॅलोताईने बाही धरली होती, पण एका खिडकीतला पडदा काकूंना दाखवायला तिने हात सोडला, पडद्याबद्दल जे सांगायचं ते सविस्तर सांगितलं, आणि वळून बघते तर मागे ना काकू ना दादा.

"दादा!" तिने हाक मारली आणि स्वतःलाच वेड्यात काढलं. हाक मारून उपयोग काय? ती या गल्लीतून त्या गल्लीत धावली. प्रत्येक पांढऱ्या डोक्यामागे गेली. शेवटी चौकात एक पोलीस दिसला. त्याच्यापुढे तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. पोलिसाने मान हलवली, हात पसरले. तेव्हा हॅलोताई थांबली. तिने तोंड मिटलं. मग कानावर बोट ठेवून नकाराची मान हलवली, हातानेच उंची दाखवली, डोक्यावर पांढरे केस दाखवले. धंदा सांगायचा म्हणून दोन बोटांची कात्री केसांतून चालवली. पोलिसाचा चेहरा उजळला आणि त्याने कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट केलं.

कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान होतं. खुर्चीत गळ्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळून दादा बसला होता, आणि कानांपर्यंत मिशांची टोकं नेलेला जाडजूड न्हावी एक हात हवेत ठेवून त्याला काहीतरी करून दाखवत होता. दादा हसत होता. पोटातून, मोठ्याने, त्याचा तो चिरका आवाज काढून. घरी तो असा आवाज काढत नसे. लोक वळून बघतात म्हणून हॅलोताईनेच त्याला लहानपणी दटावलं होतं.

आरशातून त्याला ती दिसली. त्याने कापडाखालून हात काढून विचारलं, कुठे हरवली होतीस?

"मी?" असं तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं. बाकावर दोन माणसं वाट बघत बसली होती, त्यांच्या शेजारी ती टेकली. धाप लागली होती.

दादाने आरशातूनच हात चालवले. सगळ्या बसला विचारून झालं. आता मला विचार.

हॅलोताई चपापली. मग तिला कळलं. एवढे दिवस ती त्याच्यासमोर बसून काकूंशी बोलत होती, आणि तिचे ओठ तर दादा ती बोलायला लागल्यापासून वाचत आला होता.

तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत तिने दादाला आवाज न काढता, नुसत्या हातांनी विचारलं. दुकान विक, माझ्याकडे ये. तुला काही झालं तर मला कळणार कसं?

त्या नळाच्या प्रकारानंतर मी सोय केली आहे, दादाने सांगितलं. कापडवाल्याकडे किल्ली दिली आहे. तो रोज सकाळी दार उघडून मला हलवतो. कधी कधी उगाच हलवतो.

"तरी पण," तिचे हात म्हणाले, आणि तिथेच अडले.

दादाने न्हाव्याला थांबायची खूण केली. खुर्चीत वळून तो सरळ तिच्याकडे बघू लागला. आणि सावकाश, एकेक खूण सुटी करून त्याने सांगितलं, "तुझ्या घरी मी बहिरा. दुकानात मी न्हावी."



"माझ्याकडे दिवसभर माणसं असतात," दादाचे हात पुढे म्हणाले. "एकटी तू आहेस. तुझा फोन वाजत नाही."

तिचे डोळे भरले, पण राग येईना. खरंच वाजत नव्हता. मुलाचा रविवारी यायचा, तोही घाईत. रंगवलेल्या खोलीची दारं-खिडक्या ती रोज उघडायची आणि संध्याकाळी लावायची. तिने नाक पुसलं आणि हातांनीच म्हणाली, मग मी काय करू, तुझ्या दुकानात येऊन बसू?

दादाने खांदे उडवले. बस की. गिऱ्हाइकांना कुणीतरी उत्तर देणारं हवंच आहे. फक्त माझी उत्तरं देऊ नकोस.

तिला हसू फुटलं. बाकावरची दोघंही काही न कळता हसली. दाढी आटोपली तशी दादा उठला, कापड झटकलं आणि त्या मिशाळ न्हाव्यालाच खुर्चीत बसायची खूण केली. न्हाव्याने आढेवेढे घेतले, मग आपलाच वस्तरा त्याच्या हातात देऊन डोळे मिटून मान मागे टाकली. दादाने धार अंगठ्यावर पाहिली, बाही सारली आणि परक्या गालावर पहिला हात असा फिरवला की बाकावरची माणसं पुढे वाकून बघू लागली.

तेवढ्यात दारातून आणखी एक गिऱ्हाईक आलं आणि बसायला जागा शोधू लागलं. हॅलोताईने पर्स मांडीवर घेतली आणि ती जरा सरकून बसली.